चेन पडते का अजून?

बारा वाजायला अठरा मिनिटं होती आणि माझ्या सायकलची चेन पडली होती.

एरवी पडली तर काय, माणूस ढकलत जातो. पण आमच्या वांकिडीच्या विहारात त्या मे महिन्यात श्रामणेर शिबिर चालू होतं. दहा दिवसांसाठी मुंडण करून चीवर नेसलेले अकरा जण, आणि दुपारी बारानंतर घास घ्यायचा नाही असा त्यांचा नियम. त्या दिवशीचं भोजनदान आमच्या घरचं. पिशवीत अंबाडीची भाजी अन् भाकरी, आणि मी हातपंपापाशी काळे हात घेऊन रडवेली.

"सरका जी, मी पाहतो."

वर पाहिलं. चीवर, गुळगुळीत डोकं, आणि डोळे... नियम मोडून हसणारे.

"भंतेजी, तुमी नका—"

"भंते नाही जी. दहा दिवसाचा श्रामणेर. अकराव्या दिवशी पुन्ना मंचेरियलले, खाणीच्या हापिसात कारकून. खुशाल म्हनतात मले."

दोन मिनिटांत चेन बसली आणि चीवराला ग्रीसचा डाग पडला. विहारात वाढताना मला राहवेना. "भाजी कशी झाली?"

मान खाली घालूनच तो म्हणाला, "मीठ जास्त पडलं."

"कौतुक करायची रीत नाही का मंचेरियलले?"

"रीत हाये. पन चीवर अंगावर हाये तोपर्यंत खोटं बोलता येत नाही जी."

मला राग यायला हवा होता. आला नाही. उलट मनात वर्षानुवर्षं अडकलेला प्रश्न त्याच्यापुढे टाकला, "पुरुषांचं शिबिर दरसाल होते. बायांचं काऊन नाही?"

शाळेत शिकवायला लागल्यापासून मी हे विचारत होते. माझे बाबा, उद्धवराव, हसायचे. विहार समितीचे लोक घड्याळ बघायचे. हा म्हणाला, "मले माहीत नाही. शोधून सांगतो."

शोधून सांगणारे पुष्कळ पाहिले होते मी. पण आषाढात पोस्टकार्ड आलं.

'पाली ग्रंथांत भिक्षुणी आहेत. त्यांनी स्वतः रचलेल्या गाथासुद्धा आहेत. पण लंकेत त्यांची परंपरा हजारेक वर्षांपूर्वी खुंटली. दीक्षा द्यायला भिक्षुणी लागते, आणि भिक्षुणीच उरली नाही. — चेन पडते का अजून?'

पोस्टकार्ड म्हणजे चावडीच. पोस्टमन दादाजींनी आमच्या दारात येईपर्यंत ते दोनदा वाचलं होतं. आई भुवया उंचावून म्हणाली, "चेन कोनची वं?" मी उलट टपाली लिहिलं, 'पडते.'

थंडीत दुसरं आलं. 'स्टेशनसमोर स्वेटर विकणारी एक तिबेटी बाई बसते. तिची बहीण श्रामणेरी आहे. म्हणते, आमच्यात तेवढंच, पुढची दीक्षा नाही. एवढ्या उत्तरासाठी स्वेटर घ्यावा लागला. उन्हाळ्यात काय करू त्याचं? — चेन पडते का अजून?'

'पडते,' मी लिहिलं.

तिसरं माघातल्या अवकाळी पावसात भिजून आलं. शाई पसरलेली. मी ते चुलीच्या उबेला धरून वाचलं. 'ऑफिसातल्या तेलुगू सरांकडून एक पुस्तक वाचून घेतलं. चीनकडच्या परंपरेत भिक्षुणी आजही आहेत! आणि त्यांना दीक्षा दिली ती दीड हजार वर्षांपूर्वी जहाजानं गेलेल्या लंकेच्या भिक्षुणींनीच. म्हणजे आपल्या घरचं विरजण संपलं, तरी शेजारणीनं आपल्याकडूनच नेलं होतं. तिच्याकडे दही अजून लागतं. मागून आणायचं.' खाली चेनीची चौकशी होतीच.

मी त्या माणसाच्या प्रेमात पडले. विरजणावरून कुणी प्रेमात पडतं का? मी पडले.

'पडते' असं उत्तर धाडलं आणि तिन्ही कार्डं समितीपुढे ठेवली. बरीच हुज्जत झाली. शेवटी दीक्षेसाठी चीनकडच्या परंपरेतली भिक्षुणी बोलवायची आणि दसऱ्याच्या सुटीत बायांचं शिबिर घ्यायचं, असं ठरलं. सहा नावं आली, पहिलं माझं. मुंडण सगळ्यांना सारखं.

आणि नेमकं भाद्रपदात खुशाल आपल्या आईला, रुक्माबाईंना घेऊन मला बघायला आला. आता त्याच्या डोक्यावर कुरळे केस होते. रुक्माबाईंनी माझी वेणी हातात घेतली. "गुडघ्याले लागते, माय! मले अशीच सून पायजे होती. दिवाळीनंतर उरकून टाकू."

मी सांगून टाकलं, "मावशी, मी दसऱ्यात श्रामणेरी होनार हाये. केस जातीन."

रुक्माबाईंनी कप खाली ठेवला. "टकली नवरी मांडवात? सोयरे हासतीन! केस राहिले त सोयरीक, नाही त नाही."

मी खुशालकडे पाहिलं. तो बशीतल्या चहाकडे बघत होता. अर्ध्या जगाच्या परंपरा धुंडाळल्या आणि आईसमोर जीभ टाळ्याला चिकटली!

ते गेल्यावर आई म्हणाली, "शिबिर पुढल्या सालीबी होईन. असा पोरगा नाही भेटत." खरंच होतं ते. मी पोटभर रडले... आणि शिबिराच्या सकाळी डोकं पुढे केलं. वेणी ताटात पडली तेव्हा मानेला गार वारा लागला. बरं वाटलं, आणि फार वाईटही वाटलं.

पाचव्या दिवशी पत्र्यावर बारीक पाऊस वाजत होता. भोजनदान मंचेरियलहून आलंय, असं कुणीतरी सांगितलं. दारात डबा घेतलेल्या रुक्माबाई, आणि मागे भिजलेला खुशाल. त्याचं डोकं... तुळतुळीत!

रुक्माबाई क्षणभर थबकल्या. मग रीतीप्रमाणे आम्हा सहाही जणींपुढे वाकल्या, माझ्यापुढेही. उठताना पुटपुटल्या, "या येड्यानं डोकं भादरलं. म्हने, हासतीन त दोघालेबी हासतीन. मंग म्या म्हनलं, जाऊ दे."

खुशाल वाढायला आला. मी हळूच विचारलं, "त्या दिवशी काऊन नाही बोलले?"

"आईसमोर बोलाची हिंमत नव्हती जी. शोधून आनाले येळ लागला." भाजीची पळी थाळीवर धरून तो म्हणाला, "चाखून सांगा, कशी झाली?"

"मीठ कमी हाये."

शेजारच्या पाचही जणी खुदकन हसल्या. तो थोडा वाकला. आवाज अगदी खाली... "चेन पडते का अजून?"

तीन पत्रांत तीनदा 'पडते' असं खोटंच लिहिलं होतं मी. पण आता अंगावर चीवर होतं.

"नाही," मी थाळीकडे बघत म्हणाले. "तुमी बसवल्यापासून... एकदाबी पडली नाही."

पळी हवेतच थांबली.

"वाढ ना रे बाबू!" मागून रुक्माबाई ओरडल्या. "बाराले सहा मिन्टं राह्यले!"

तो वाढत राहिला. मी तीन भाकरी खाल्ल्या.