जागा नाही

विश्वास ठेवायचा तर ठेवा. माझ्या नवऱ्याने अजून ठेवलेला नाही, आणि तो त्या संध्याकाळी माझ्या शेजारीच उभा होता.

पण घडलं ते घडलं. ओक्लाहोमातल्या हॅलोवेल गावात, रूट ६६ या जुन्या हमरस्त्याला लागून असलेल्या आमच्या मोटेलमध्ये. धुळीच्या वादळांत शेतं गेलेली कुटुंबं एके काळी याच रस्त्याने, गावोगाव हाकलली जात, पश्चिमेला गेली होती. जून महिना, शनिवार. सूर्य मावळतीला टेकला होता.

त्या दिवशी गावात जुन्या गाड्यांची मिरवणूक असते. वर्षातून एकदाच हॅलोवेलला माणसांची तोंडं दिसतात. पेट्रोल पंपावरच्या टोळाच्या भल्यामोठ्या पत्र्याच्या पुतळ्यासमोर फोटोसाठी रांग लागते. कांद्याचे बर्गर दुपारीच संपतात. आसपास कुठे झोपायला खाट मिळत नाही.

आणि आमच्या सगळ्या खोल्या रिकाम्या!

घरदार विकून घेतलं होतं हो ते मोटेल. भिंतींना रंग मी दिला. गुडघे सोलवटेपर्यंत फरश्या मी घासल्या. गाड्या यायच्या, दारापाशी हळू व्हायच्या...

आणि निघून जायच्या.

कारण ती निऑनची पाटी. मी 'जागा आहे'चं बटण दाबून यायचे. थोड्या वेळाने बाहेर जाऊन बघावं तर...

'जागा नाही.'

लालभडक.

डेल्बर्टने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, तारा बदलल्या. नळ्या बदलल्या. एकदा तर पाटीच्या खांबाला लाथ घातली आणि आठवडाभर लंगडला. शेवटी त्या शनिवारी सकाळी त्याने तिची वीजच तोडली. मी पुठ्ठ्यावर 'जागा आहे, आत या' असं लिहून दाराला लावलं.

दुपारी माझी नणंद वायोना तणतणत आली. मिरवणुकीत तिचा ॲपल पायचा स्टॉल होता.

"काय गं नेडीन, मी तुमच्याकडे माणसं पाठवतेय आणि तू त्यांना फोनवरूनच हाकलतेस?"

"मी? अगं, सकाळपासून फोन वाजलेला नाही!"

"मग 'माफ करा हं, सगळं भरलंय' असं गोड आवाजात सांगणारी बाई कोण? तुझा आवाज काही एवढा गोड नाही."

मी रागाने फोन उचलून कानाला लावला. तो चालू होता. पण आत, खूप लांबवर...

कुणीतरी श्वास घेत होतं.

मी फोन आपटला. भीती नव्हती वाटली तेव्हा. नुसता संताप. डोळ्यांत पाणी आणणारा.

संध्याकाळी एक म्हाताऱ्या बाई आल्या. मिसेस लिंडक्विस्ट, इलिनॉयच्या. हातात काठी, एकट्याच गाडी चालवत निघालेल्या.

"बाहेर तर जागा नाही म्हणून पाटी आहे," त्या म्हणाल्या. "पण पोरी, माझ्यात आता पुढे जायचं त्राण नाही गं."

मी बाहेर धावले. डेल्बर्ट आधीच तिथे उभा होता. तुटलेल्या तारा खांबावरून लोंबत होत्या आणि पाटी...

पेटलेली होती.

"मावळतीचं ऊन पडलंय तिच्यावर," तो म्हणाला.

पाटीचं तोंड पूर्वेला होतं.

मी मिसेस लिंडक्विस्टना हाताला धरून पहिल्या खोलीकडे नेलं. दार उघडलं. त्या आत गेल्या, आणि लगेच मागे सरल्या.

"माफ करा हं," त्या हळूच म्हणाल्या.

मला नाही. खोलीला.

"अगं, आत माणसं आहेत की!"

"कुठली माणसं?"

"ती बाई नाही का, तान्हं घेऊन बसलीय. मुलं खाली झोपलीत. पाय बघ बिचाऱ्यांचे, धुळीने नुसते भरलेत."

मला दिसत होता फक्त अंथरलेला पलंग. माझ्या हातची इस्त्रीची चादर.

दुसरी खोली उघडली. त्या उंबऱ्यावरूनच परतल्या. तिसरीच्या दारात तर त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"राहू दे, पोरी. सगळीकडेच आहेत."

मी त्यांच्या गाडीचं दार अडवलं. "पैसे देऊ नका. नुसत्या राहा. कुठलीही खोली घ्या!"

त्यांनी माझ्याकडे नवल करून पाहिलं.

"मग त्यांनी कुठे जायचं?"

त्या गेल्या. आणि माझा तोल सुटला. अंगणाच्या मधोमध उभी राहून मी रिकाम्या खोल्यांवर ओरडले, "निघा इथून! तुमच्या बापाचं घर आहे का? आमचं सगळं गेलं तुमच्यापायी! निघा!"

"नेडीन, गप्प बस. रस्त्यावरून लोक बघतायत," डेल्बर्टने माझा दंड धरला.

सगळंच गप्प झालं. मिरवणुकीचे भोंगे, वारा, किडे... काहीच नाही.

मग...

खट्ट.

पहिल्या खोलीची कडी. आतून.

खट्ट. दुसरीची.

खट्ट... खट्ट... रांगेच्या टोकापर्यंत.

डेल्बर्टने खिडक्यांतून शिरून एकेक दार उघडलं. आत चिटपाखरू नव्हतं. पण प्रत्येक चादर चुरगळलेली. आणि माझ्या घासलेल्या फरशीवर धुळीचे...

लहान, अनवाणी पावलांचे ठसे.

"वाऱ्याने कड्या पडल्या," तो म्हणाला. "धूळ पण वाऱ्याचीच."

मी त्याच्याशी चार दिवस बोलले नाही.

थंडी सुरू व्हायच्या आधी आम्ही मोटेल सोडलं. गिऱ्हाईक मिळालं नाही, आजही नाही. आता टल्सा शहरात एका शाळेच्या स्वयंपाकघरात राबते मी.

निघायच्या दिवशी सामान भरून झालं होतं. डेल्बर्ट हॉर्न वाजवत होता. मी पहिल्या खोलीवरून जाताना मुद्दाम दारावर जोरात थाप मारली. दुसरं काय करणार होते?

आतली कुजबुज एकदम थांबली.

आणि मग एक बाई, अगदी दमलेल्या आवाजात, कुणाला तरी समजावत म्हणाली...

"उठा रे बाळांनो. इथूनही जायला सांगतायत."

माझा हात दारावरच राहिला. मागे हॉर्न वाजत होता. मला "राहा" म्हणायचं होतं... मी वळून गाडीकडे गेले.

ती गेली की राहिली, मला ठाऊक नाही. डेल्बर्टला विचारून उपयोग नाही.