दाराबाहेरची अक्का

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढचं सगळं मी माझ्या कानांनी ऐकलंय.

सोलापूर. मे १९७४. भर दुपारचे दोन.

कापसाच्या एका रिकाम्या गोदामात गिर्यारोहण मंडळानं चढायच्या सरावासाठी तीन भिंती केल्या होत्या. हातपाय ठेवायला विटा बाहेर काढलेल्या. पोरांसाठी बुटकी, नवख्यांसाठी मधली आणि सरावलेल्यांसाठी तीस फुटी.

माझा धाकटा भाऊ चन्नवीर तीस फुटी चढायचा. दोर त्याच्या कमरेला, वरच्या कप्पीतून खाली माझ्या हातात. उतरायच्या आधी तो ओरडायचा, "अक्का, दोर?"

मी म्हणायचे, "धरला!" मगच तो हात सोडायचा. मी त्याला हळूहळू खाली घ्यायचे.

त्या दिवशी आम्ही दोघंच होतो. तो वरच्या फळीवर दम खात बसला. मला तहान लागली. दोर टाकला आणि त्याला न सांगता बाहेर नळावर गेले. अक्कल शेण खायला गेली होती माझी!

परत आले तर दार... आतून बंद.

कडी कुणी लावली? तो तर वर होता!

आतून त्याची हाक आली. "अक्का, दोर?"

आणि उत्तर आलं...

"धरला!"

आवाज माझा होता.

मी दार बडवलं. "चन्न्या, हात सोडू नगं! दोर खाली पडलाय! मी भाईर हाय!"

आतून तो घाबरून म्हणाला, "अक्का, भाईर कोण वरडतंय गं?"

आतून पुन्हा माझाच आवाज. "कुणी का वरडंना. मी हितं हाय की. सोड हात."

मी दारावर डोकं आपटलं. घसा फुटेस्तोवर ओरडले. पोरगं माझ्यामुळं मरणार होतं. आईला काय सांगू?

सर्र... सर्र... दोर सरकत होता.

मग काहीच नाही.

दार आपोआप उघडलं. मी आत पडले.

चन्नवीर भिंतीकडं तोंड करून कमरेची गाठ सोडत होता. धडधाकट. दुसरं कुणीच नव्हतं.

"आज लई हळू घेतलंस, अक्का," तो म्हणाला. मग वळून माझ्याकडं पाहिलं. "आदी दार लाव. भाईर कोणतरी तुज्या आवाजात वरडत हुतं. मला पाडणार हुतं."

मी मुकाट्यानं कडी लावली.

खरं सांगायची छाती मला अजून झाली नाही. आजही मी त्याच्या दारात उभं राहून हाक मारली, तर तो उघडत नाही. कडी वाजवून गप्प उभं राहावं लागतं.