आबांनी टिपलेली खिंड

मंगल आखाडेचं लग्न झालं त्याच उन्हाळ्यात खोऱ्यात दुपारची बंदी आली. दिवस वर आला की उघड्यावर अंगमेहनत करायची नाही. तोवर ऊन माणसं मारू लागलं होतं.

मंगलची धाकटी बहीण कुंदा डोंगरात सायकल चालवायची. पाऊस लागायच्या आत क्रीडा वसतिगृहाची निवड होती, आंबेखिंडीच्या चढावर. निवडली गेली तर पुढचं शिक्षण अन् सराव तिथंच. पण पहाट धारा काढण्यात जायची आणि दुपारी बंदी. मग सराव घरातच करायचा, असं ठरवून ती आजोबांना, भिकूआबांना, घेऊन साताऱ्याला जमीरभाईंच्या दुकानात गेली.

"हा ट्रेनर स्वस्तातला," जमीरभाई म्हणाले. "मागचं चाक या रुळावर दाबायचं. पण तुझे टायर खाचांचे. घरभर घुमेल, रुळावर घसरेल आणि टायर लवकर झिजेल. त्यापेक्षा हा बघ. मागचं चाक काढायचं, साखळी थेट यंत्रावर."

"म्हणजे सायकल खुंट्याला बांधायची," भिकूआबा म्हणाले. घरात मग त्याला खुंटाच म्हणू लागले.

खुंट्याबरोबर रुपयाएवढी एक चकती यायची, वाटठसा. ती चाकाच्या मध्यावर बसवून एखादी वाट चढली, की पावलापावलाला किती जोर लागला ते तिच्यात उमटायचं. खुंटा मग तोच जोर घरात बसल्या जागी पायाला लावायचा.

"परदेशातले घाट यात आधीच भरलेत," जमीरभाई म्हणाले.

"ते कशाला? आमची खिंड बसते का?" आबांनी विचारलं.

"बसते की. कुणीतरी एकदा चढून या. माणसाचं अन् सायकलचं वजन यात सांगा, बाकी हिशेब यंत्र करतं."

दुसऱ्या दिवशी मंगलची हळद होती. कुंदाला घराबाहेर पडायला सवड नव्हती. आबा म्हणाले, "मी खिंड चढून डेअरीला चाललोच आहे. तुझी गिअरची सायकल दे."

लग्न उरकलं आणि कुंदा खुंट्यावर बसली. पहिल्या वळणावरच मांड्या पेटल्या. रोज दुपारी ती बसायची, रोज निम्म्यातून उतरायची.

"आबा, तुम्ही म्हातारे होऊन चढता. मला आपलीच खिंड चढवेना."

"दूध पी म्हटलं की नाक मुरडतेस."

"चेष्टा नको. मी नाव काढून घेते."

आबांच्या तोंडचं हसू गेलं. दुसऱ्या दिवशी दूध घालून ते तसेच साताऱ्याला गेले आणि जमीरभाईंना घेऊन आले. जमीरभाईंनी पडद्यावरचा चढ पाहिला.

"ही खिंड आहे की भिंत? आबा, चढताना सायकलवर काय होतं?"

"मी."

"आणि?"

"आणि काय, कॅन. दोन्ही भरलेले. दुधाच्या वेळेला रिकामा कसा जाऊ?"

"मग वजनात का नाही धरले?"

"तुम्ही माणसाचं अन् सायकलचं विचारलंत. दुधाचं डेअरीत करतात."

यंत्राला दूध ठाऊक नव्हतं. कॅनचं सगळं ओझं त्यानं डोंगराचंच समजून घेतलं होतं. कुंदा पोट धरून हसली. जमीरभाई वजन दुरुस्त करायला वाकले, तसा तिनं त्यांचा हात धरला.

"राहू द्या कॅन. वर पोचल्याशिवाय उतरवायचे नाहीत."

"निवड तोंडावर आलीय, पोरी. पाय धरले तर?"

"आबांचे कुठं धरले?"

निवडीच्या आदल्या आठवड्यात ती खुंट्यावर माथ्याला पोचली. प्रत्यक्ष खिंडीत ती शेवटच्या अवघड वळणासाठी जोर राखून होती. ते वळण अवघड झालंच नाही. समोर माथा होता आणि बाकीच्या मुली खाली होत्या.

आज त्याच वाटठशाच्या नकला खोऱ्यातल्या शाळाशाळांत आहेत. पडद्यावर नुसतं 'आंबेखिंड' एवढंच येतं. कुंदा आता मुलींना शिकवते. परवा एक पोर रडत उतरली, म्हणाली, "ताई, मला आपलीच खिंड चढवेना."

कॅनचं तिला आत्ताच सांगावं, की आधी तिला वर पोचू द्यावं? आणि न सांगता दुसऱ्याच्या पायावर ओझं ठेवायचा हक्क कुंदाला कुणी दिला?

आबांना विचारता आलं असतं. मंगलच्या मुलाचं बारसं झालं, त्याच आठवड्यात गुरुवारी सकाळी, डेअरीत दूध घालून घरी आल्यावर भिकूआबा वारले.