जोडिणीचा शब्द

काजूच्या शेडमध्ये बायका दोन ओळींत समोरासमोर बसतात. एका ओळीत फोडणाऱ्या, दुसरीत सोलणाऱ्या. मोठ्या कारखान्यांत यंत्रं येऊन जुनी झाली, पण अख्खा, कुठंही न टवकलेला गर हवा असेल तर अजूनही बाईचाच हात लागतो. बीच्या सालीतलं तेल कातडी जाळतं. म्हणून फोडणारी हातांना राख फासते, आणि त्या हातांनी दिवसभर स्वतःच्या तोंडाला शिवत नाही. तिच्या कपाळावरचा घाम समोरची सोलणारी आपल्या पदरानं पुसते. डोळ्यांवर आलेली बट तीच मागं सारते, पाण्याचा तांब्या तीच ओठांशी धरते. या दोघी एकमेकींच्या जोडिणी.

त्या वर्षी सगळ्यांच्या मनगटांवर एक नवी वस्तू आली होती. रेशमाच्या फितीसारखी मऊ, करडी पट्टी. तिचं नाव कळवाणी.

ती पुण्याहून घेऊन आली होती मृण्मयी काणेकर, या यंत्राला मराठी शिकवणारी संशोधक. अंगात कुठंही दुखलं की मज्जातंतूंतून विजेच्या बारीक लहरी धावतात. कळवाणी त्या मनगटावरून टिपायची. पण लहर एकटी मुकी असते. दाढेची लहर आणि मूत्रखड्याची लहर कित्येकदा बहिणी-बहिणींसारख्या दिसतात. म्हणून पट्टी हळूच विचारायची, "कसं दुखतंय?" माणसाचा शब्द आणि अंगातली लहर जुळली की दुखण्याचं मूळ सापडायचं. दिवा हिरवा लागला तर काळजी नाही. तांबडा लागला तर खालच्या शहरातल्या इस्पितळातून चालकाविना उडणारं रुग्णविमान वीस मिनिटांत घाटमाथ्यावर उतरायचं.

"परदेशात हे यंत्र जन्मलं तेव्हा त्याच्याकडं एकच थोरला शब्द होता," मृण्मयीनं पहिल्या दिवशी सांगितलं. "पेन."

"लिवायचं?" शेवंताक्कानं विचारलं. पंचावन्न वर्षांची ही सोलणारी शेडमध्ये ओव्यांसाठी प्रसिद्ध होती.

"नाही आक्का, दुखणं. इंग्रजीत गुडघा दुखला तरी पेन, मन मोडलं तरी पेन. जीव ओतून काम केलं तरी पेन्स घेतल्या म्हणतात. आणि उगाच डोकं खाणारा माणूस असला तर तोही पेनच."

"मग माझा दीर पेनच हाय की गं बाई!"

सगळी शेड हसली. शेवंताक्काच्या समोर बसणारी रेणुका तर इतकी हसली की राखेचा हात तोंडाशी नेता नेता थांबली.

त्या एका इंग्रजी शब्दाच्या मागं पाऊणशे भाईबंद उभे होते: भोसकणारं, धडधडणारं, कुरतडणारं. मृण्मयीनं त्यांच्यासमोर मराठी शब्द उभे करायला चार वर्षं घालवली होती. कळ, ठणका, चमक, शूळ, रग, भगभग, ओढ, सल. प्रत्येकाची लहर वेगळी निघाली. ठणका पडद्यावर ढोलासारखा उमटायचा, चमक विजेसारखी, आणि रग म्हणजे कापणी झालेल्या शेतासारखी लांबच लांब सपाट. बायांनी शेकडो वर्षं नुसत्या जिभेवर केवढं बारीक मोजमाप सांभाळलं होतं! ते पडद्यावर पाहताना मृण्मयीचं काम थांबायचं आणि ती नुसतीच बघत राहायची. अशा वेळी तिचं बोट नकळत डाव्या कानशिलाशी जायचं आणि तिथं दाबून धरायचं.

पण इथं, या शेडमध्ये, तीन आठवडे सगळे दिवे हिरवे होते. पट्टी विचारायची, "कसं दुखतंय?" आणि शंभर बायका एकच उत्तर द्यायच्या, "बरं हाय."

शब्दांचा एवढा खजिना, आणि कुणी कुलूपच काढत नव्हतं.

चौथ्या आठवड्यातल्या मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीआधी, शेवंताक्का रेणुकाला दंडाला धरून शेजारच्या आरोग्य उपकेंद्रात घेऊन आली. सिस्टर लसीकरणाला वाडीवर गेलेली. आत मृण्मयी एकटीच होती.

"हिचं बघ."

रेणुका सव्वीस वर्षांची. चेहरा राखेसारखाच झालेला, वरच्या ओठावर घामाचे थेंब. पट्टीनं विचारलं. तिनं भिंतीकडं बघत सांगितलं, "बरं हाय." दिवा हिरवा. मृण्मयीनं पुन्हा विचारायला लावलं. पुन्हा तेच, पुन्हा हिरवा. पडद्यावर खाली एक लहर कुडकुडत होती खरी, पण शब्दावाचून यंत्र तिला ओळख देत नव्हतं.

"आक्का, जाऊ दे की. ऊन लागलंय," रेणुका म्हणाली.

"ती न्हाई सांगायची," शेवंताक्का मृण्मयीला म्हणाली. "आपलं दुखणं आपल्या तोंडानं बोलायची रीतच न्हाई आमच्यात. जोडीण बोलती. जी घाम पुसती, तिला ठावं असतंय. तुझ्या पट्टीला सांग, मला इचार म्हणावं."

दुसऱ्या कुणाचाही आवाज पट्टीनं ऐकायचा नाही, हा नियम मृण्मयीनं स्वतः भांडून घालून घेतला होता. पहिल्या चाचण्यांत बायकांच्या वतीनं नवरे बोलायचे. "काही नाही हो, नाटकं आहेत," असं सांगून मोकळे व्हायचे. एक बाई त्यात दगावली होती. त्या दिवसापासून ज्याचं दुखणं त्याचाच शब्द. ते कुलूप आज तिनंच उघडायचं?

तिनं खाली बसून रेणुकाचे राखेचे हात हातात घेतले. "तुझ्याबद्दल आक्कांनी बोललेलं चालेल तुला?"

रेणुकानं मान हलवून होकार दिला. तेवढ्या हलण्यानंही तिचे डोळे मिटले.

मृण्मयीनं कुलूप काढलं. शेवंताक्का पट्टीवर वाकली. सरळ वाक्यात सांगायला तिलाही जमेना. मग शेडमध्ये गाते तशीच, पण अगदी हळू, तिनं म्हटलं,

*पोटात रुते सुरी, टोक खांद्याला निघालं*
*जोडीण म्हणे माझी, ऊन अंगाला लागलं*

कुडकुडणारी लहर क्षणभर थांबल्यासारखी वाटली. मग पडदा उजळला आणि दिवा तांबडा झाला.

लगेच इस्पितळातून डॉक्टरांचा आवाज आला. "पोट आणि खांदा? खांद्याचं कोण म्हणालं?"

"तिची जोडीण," मृण्मयी म्हणाली. "सकाळपासून खांदा धरतीय," शेवंताक्कानं भर घातली. "आणि दोन म्हयनं पाळी चुकलीय."

"आडवं झोपवा. पाणीसुद्धा देऊ नका. पोटात रक्त साचलं की श्वासाच्या पडद्याला लागतं आणि कळ खांद्यात उमटते. विमान निघालंय."

खांदा तर रोजच दुखतो, तो काय सांगायचा, असं रेणुकाला वाटलं होतं. गर्भ पिशवीत न रुजता नळीत रुजला होता आणि नळी फुटली होती. अर्धा तास उशीर झाला असता तर, एवढंच बोलून डॉक्टरांनी पुढचं वाक्य सोडून दिलं.

रेणुका वाचली. पंधरा दिवसांनी फोनवरून तिनं जोडिणीला विचारलं, "माझ्या जागी कोण बसलंय गं?" शेवंताक्का म्हणाली, "कोण न्हाई. पाट उपडा घालून ठेवलाय."

मृण्मयीनं कळवाणीत नवी सोय केली. पट्टी बांधणाऱ्यानं आपल्या मर्जीनं एक माणूस निवडायचा. आपण 'बरं आहे' म्हटल्यावर यंत्र त्याला विचारील. परदेशातल्या सहकाऱ्यांनी कळवलं, या माणसाला इंग्रजीत काय म्हणायचं ते सांग. ती कोश उघडून बसली. सोबती, साक्षीदार, शेजारी, मैत्रीण यांसाठीचे सगळे इंग्रजी शब्द तिनं ओळीनं लावून पाहिले. एकाच्याही हातात ओला पदर नव्हता. शेवटी तिनं तिथं रोमन अक्षरांत 'जोडीण' एवढंच लिहिलं.

निघायच्या दिवशी ती शेडमध्ये निरोप घ्यायला आली. तिच्याही मनगटावर पट्टी होती. बोलता बोलता बोट कानशिलाशी गेलं, आणि पट्टीनं हळूच विचारलं, "कसं दुखतंय?"

"बरं आहे," मृण्मयी सवयीनं म्हणाली.

हिरवा दिवा लागायच्या जागी एक नवा प्रश्न उमटला. जोडिणीचं नाव? त्यापुढची जागा कोरी होती. पुण्यात ती सात वर्षं एकटी राहत होती.

शेवंताक्कानं गर सोलता सोलता वर पाहिलं. हात पदराला पुसले, दोन बोटं पुढं करून मृण्मयीचं डावं कानशील अलगद दाबलं. नेमकी तीच जागा.

"आल्यापासनं बघतीया मी," ती म्हणाली. "तिकडं तुझ्या समोर कोण बसतंय गं, पोरी?"