फुगोबासाठी एक चमचा

एका बरणीत एक जण राहत होता. त्याला तोंड नव्हतं, पण रोज खायला लागायचं. नाक नव्हतं, तरी श्वास सोडायचा. हातपाय नव्हते, पण पोट भरलं की बरणीत वर वर चढायचा आणि भूक लागली की मुकाट्याने खाली बसायचा. कोण असेल बरं तो? थांबा, लगेच शेवटचं पान उघडू नका. शाल्मलीलासुद्धा हे कोडं पुरतं उलगडायला बराच काळ लागला, आणि उलगडलं तेव्हा ती रडत होती.

शाल्मली राहायची चांद्रवाडीत, म्हणजे चंद्राच्या जमिनीखाली खोदलेल्या वस्तीत. नाव वाडी असलं तरी तिथे ना कुत्रं, ना कोंबडी, ना कुणाच्या अंगणात धूळ. बाहेर हवाच नाही म्हटल्यावर आतली हवा गाळून गाळून वापरायची. पृथ्वीवरून येणारी प्रत्येक वस्तू निर्जंतुक करून (म्हणजे तिच्यावर एकही जंतू जिवंत राहणार नाही अशी करून) मगच आत घ्यायची. स्वयंपाकघरात शिरलं की हातमोजे घालायचे. तिथली पोरं बोलायला लागायच्या आधी हातमोजे घालायला शिकायची, असं शाल्मलीचे आजोबा चेष्टेने म्हणत.

तर बरणीतल्या त्या गृहस्थाचं नाव होतं फुगोबा. हे नाव शाल्मलीच्या आईने ठेवलेलं. दिसायला म्हणाल तर भज्यांच्या पिठासारखा, वास आंबूस, आणि सगळ्या अंगावर बुडबुडे. आई रोज त्याला चमचाभर पीठ आणि थोडं पाणी द्यायची आणि आठवड्यातून एकदा त्याच्यापासून कणीक फुगवून पिझ्झा करायची. फुगोबातला एक चमचा मात्र दर वेळी बरणीतच राहायचा. पृथ्वीवर घरोघरी दही संपवण्याआधी चमचाभर विरजणाला काढून ठेवतात ना, तसाच. "एक चमचा मागे ठेवायचा, शालू. तो उद्याचा असतो," असं ती म्हणायची.

मागच्या वर्षी आई आजारी पडली आणि त्या आजारातून उठलीच नाही. बाबा दूरच्या खाणीवर कामाला, अधूनमधून यायचे. घरात उरले शाल्मली, आजोबा आणि खमंग नावाचा स्वयंपाकी यंत्रमानव. आईचे कपडे कपाटात होते, फोटो भिंतीवर होता. पण आईच्या वस्तूंपैकी जिवंत असा एकटा फुगोबाच होता. शाल्मली रोज त्याला खाऊ घालायची आणि त्याच्याशी बोलायची. शाळेतल्या गोष्टी, बाबांची आठवण, सगळं. ऐकून तो बुडबुडा काढायचा. तेवढ्यावर तिचा दिवस जायचा.

मग आला तिचा वाढदिवस. आईशिवायचा पहिलाच. शाल्मलीला तो करायचाच नव्हता. पण आजोबा म्हणाले, मित्रांना बोलाव, आईच्या पद्धतीने पिझ्झा कर, तिला आवडलं असतं. आजोबा सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होते (डोळ्यांना न दिसणाऱ्या इवल्या जिवांचा अभ्यास करणारे), आणि शाल्मलीची आई ही त्यांची एकुलती एक लेक. त्यांनाही घरात पुन्हा तो वास हवा होता. शाल्मलीला हे कळलं, म्हणून ती हो म्हणाली.

आता अडचण होती ती पाहुण्यांची. चांद्रवाडीतली पोरं नळीतल्या पेस्टवर वाढलेली, त्यामुळे खाण्याच्या बाबतीत एकापेक्षा एक नखरेल. झोया हिरवं काही दिसलं की ताट सरकवायची. मल्हार तर फक्त पांढरे पदार्थ खायचा आणि बाकी सगळ्याचा वास घेऊन नाक मुरडायचा. शाल्मलीने आजोबांबरोबर बसून विचार केला. लाल भोपळा आणि गाजर शिजवून टोमॅटोच्या रश्श्यात वाटून टाकायचं. कणकेत नाचणी मिसळायची. आणि वरचं सजवणं ज्याचं त्याने करायचं, कारण आपण स्वतः रचलेलं ताट माणूस सहसा टाकून देत नाही.

कणीक मळताना शाल्मलीने विचारलं, फुगोबा फुगतो म्हणजे नेमकं काय होतं? मग आजोबांनी तिला सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. बरणीतल्या एका थेंबात लाखो गोल गोल जीव होते. ते म्हणजे किण्व, ज्याला बाजारात यीस्ट म्हणतात. ते पिठातली साखर खातात आणि कर्बवायू सोडतात, आपण उच्छ्वासातून सोडतो तोच. या उद्योगाला किण्वन (आंबवणं) म्हणतात. गव्हाच्या पिठात ग्लुटेन नावाचं चिवट, ताणलं जाणारं प्रथिन असतं. वायू त्याच्या जाळीत अडकतो आणि कणीक फुगते. नाचणीत ते प्रथिन नसतं, म्हणून नुसत्या नाचणीचा पिझ्झा फुगायचा नाही, गहू बरोबर हवाच. किण्वांच्या शेजारी बारक्या काड्यांसारखे जिवाणू दिसत होते. ते आंबटपणा आणतात, आणि त्या आंबटपणामुळे नाचणीतलं अडकून बसलेलं लोह सुटं होऊन आपल्या अंगी लागतं.

"म्हणजे फुगोबा एक नाहीये?" शाल्मलीने विचारलं.

"अख्खं गाव आहे," आजोबा म्हणाले.

वाढदिवसाला बोलावली होती मोजकी पोरं. पण पिझ्झा हा शब्द चांद्रवाडीत वाऱ्यासारखा पसरला (वारा नाही तिथे, पण पसरला खरा) आणि आणखी कितीतरी पोरं दारात येऊन उभी राहिली. कणीक पुरेना. शाल्मलीची धांदल उडाली. तिने घाईघाईने नवीन पीठ ओतलं आणि खमंगला सांगितलं की बरणीतला फुगोबा सगळा यात घाल, म्हणजे लवकर फुगेल. खमंगने सांगितल्याप्रमाणे केलं. मग तो नेहमीसारखा म्हणाला, "बरणी धुऊ का?"

"धू," शाल्मली म्हणाली. तिचं लक्ष दाराकडे होतं.

वाढदिवस मात्र झकास झाला. झोयाने आपल्या पिझ्झ्यावर भोपळी मिरचीच्या हिरव्या चकत्यांनी चेहरा काढला आणि चेहऱ्यासकट तो खाल्ला. मल्हारने आधी वास घेतला, मग कड कुरतडली, मग अख्खा पिझ्झा संपवून दुसऱ्याच्या ताटात बघायला लागला. पोरांनी बोटं चाटली, ताटं पुसून काढली, तुकडासुद्धा उरला नाही. आजोबा कोपऱ्यात बसून हळूहळू एक घास चावत होते आणि त्यांचे डोळे भरून आले होते. शाल्मली कितीतरी दिवसांनी हसली.

सगळे गेल्यावर ती फुगोबाला खाऊ घालायला गेली. फळीवर बरणी होती. स्वच्छ, लखलखीत, पालथी घातलेली. तिने ओट्यावर पाहिलं, परातीत पाहिलं, कचऱ्याच्या डब्यात हात घालून पाहिलं. खमंगने परातसुद्धा उकळत्या पाण्याने धुतली होती. बिचाऱ्याचा काय दोष?

आजोबा आले तेव्हा ती जमिनीवर बसून हुंदके देत होती. एखादा तुकडा मिळाला तर त्यातून फुगोबा परत करता येईल का, असं तिने विचारलं. आजोबा तिच्याशेजारी बसले. खोटं सांगणं सोपं होतं, पण त्यांना ते जमायचं नाही. भट्टीच्या उष्णतेने किण्व मरतात, पिझ्झ्यात उरतात ती त्यांनी पाडलेली भोकं, असं त्यांनी सांगितलं.

"मी आईला संपवलं," शाल्मली म्हणाली.

आजोबांनी तिला जवळ घेतलं आणि दोघंही रडली.

दुसऱ्या दिवशी शाल्मलीने चंग बांधला. तिने खळखळून हात धुतले, नवे हातमोजे चढवले, त्याच बरणीत पीठ आणि पाणी कालवलं. रोज थोडं पीठ घालायची, रोज वाट बघायची. पण बरणीत नुसता लगदा. बुडबुडा म्हणून एक नाही. पृथ्वीवर तर पीठ-पाणी भिजवून ठेवलं की आपोआप आंबतं, असं ती ऐकून होती. मग इथेच काय झालं?

आजोबाही विचारात पडले. पृथ्वीवरच्या पिठात धान्याबरोबर आलेले किण्व असतात, थोडे हवेतून पडतात. इथलं पीठ जंतू मारणाऱ्या किरणांखालून येतं. बागेतली भाजीही किरणांखालूनच स्वयंपाकघरात जाते. हवा गाळलेली. म्हणजे चांद्रवाडीत फुगोबाला जन्म घ्यायला जागाच नाही. आणि आईनेही तो पृथ्वीवरून आणला नव्हता. वस्तीच्या दारावर तसं काही आत सोडत नसत. तो इथेच, याच पिठातून तिने केला होता.

"मग त्याच्यात किण्व आले कुठून?" शाल्मलीने विचारलं.

उत्तर दिलं ते खमंगने, आणि तेही तक्रारीच्या सुरात. आई कणीक मळताना हातमोजे घालत नसे. त्याने तिला वारंवार बजावलं होतं, पण ती ऐकेल तर शपथ.

आजोबांनी कपाळावर हात मारला. आयुष्यभर सूक्ष्मजीव बघितले आणि घरातली गोष्ट दिसली नाही, असं ते पुटपुटले. इतक्या धुतल्या-पुसल्या वस्तीत एकच गोष्ट किरणांखालून जात नव्हती, ती म्हणजे माणूस. आपल्या कातडीवर असंख्य जिवाणू आणि किण्व बिऱ्हाड करून असतात. बहुतेक निरुपद्रवी, काही तर कामाचे. फुगोबा आईच्या हातांतून आला होता.

शाल्मलीने आपल्या हातांकडे पाहिलं. मग हातमोजे काढून ठेवले, साध्या पाण्याने हात धुतले आणि पिठात घातले. खमंग कुरकुरला. आजोबांनी त्याला गप्प केलं आणि शाल्मलीला बजावलं की मी तपासल्याशिवाय चाखायचं नाही. सुरुवातीला नको असलेले जंतूही वाढतात, आंबटपणा वाढला की ते मागे हटतात.

वाट बघण्यात दिवस गेले. एका सकाळी बरणीच्या कडेला एक बुडबुडा दिसला. मग दुसरा. शाल्मलीने वाकून वास घेतला आणि तिचा चेहरा उतरला. वास आंबूस होता, पण फुगोबाचा नव्हता.

"हा तो नाहीये, आजोबा."

"नाहीये," आजोबा म्हणाले. "तुझी आई परत येणार नाही, शालू, आणि तिचा फुगोबाही नाही. पण एक सांगतो. बाळ जन्मतं तेव्हा त्याच्याकडे येणारे अगदी पहिले जिवाणू बहुतेक आईकडून येतात. तुझेही तसेच आले. त्यातल्या कुणाचे वंशज तुझ्या हातावर आज आहेत, ते मला मोजता येणार नाही. आईच्या बरणीतले तरी कुठे तेच राहत होते? किण्व काही तासांत एकाचे दोन होतात, जुने मरतात. टिकत होतं ते तिचं रोज खाऊ घालणं."

शाल्मली रडली, पण बरणी हातातून सोडली नाही. मग उठून तिने त्यात चमचाभर पीठ घातलं आणि आज शाळेत काय झालं ते हळू आवाजात सांगायला लागली.

आजोबांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासून होकार दिला, त्या दिवशी मल्हार दारात हजर झाला. पांढरंच हवं असं काही नाही म्हणाला, फक्त पिझ्झा कर. शाल्मलीने परात काढली. कणकेला हात लावण्याआधी तिने बरणीतले दोन चमचे बाजूला काढले. एक एका छोट्या बरणीत मल्हारसाठी, रोज खाऊ घालायच्या अटीवर. पुढच्या वर्षी त्याच्या घरचे मंगळावरच्या वस्तीत जाणार होते, तिथेही कुणाला तरी भूक लागेलच. दुसरा चमचा तिने स्वतःच्या बरणीत परत ठेवला.

"बरणी धुऊ का?" खमंगने विचारलं.

"नको," शाल्मली म्हणाली. "तिच्यात उद्याचं आहे."