हसणाऱ्यांची खोली

दुपारच्या सुट्टीत खालच्या कापसाच्या जिनिंगची यंत्रं थांबली आणि वरच्या मजल्यावरून पन्नासेक माणसं एकदम हसल्याचा आवाज आला.

मी तेव्हा जिन्यात उभी होते. दारव्ह्यात टायपिंगचा क्लास शोधायला निघाले होते आणि भलत्याच जिन्यानं वर चढले होते. एवढी माणसं आहेत तर कोणीतरी पत्ता सांगेल, म्हणून मी दार ढकललं.

आत एकच माणूस होता. आणि तो हसत नव्हता.

खिडकीतून आलेल्या उन्हात कापसाची तुसं तरंगत होती. त्याच्या केसांवरही बसली होती. त्यानं समोरच्या टेपच्या मशीनचं बटण दाबलं आणि पन्नास माणसं एका झटक्यात गप्प झाली. माझ्या अंगावर सरसरून काटा आला.

"कोण... कोण हसत होतं?"

"इंग्लंडचे लोक," तो म्हणाला. "पन्नास वर्षांआधीचे. लय जण तर आता मेले असतीन."

पहिल्या भेटीत असं बोलतं का कोणी? मी मागच्या मागे पळणार होते. तेवढ्यात त्यानं विचारलं, "तुमाले इंग्रजी येते का?"

"इंग्रजीतच एम. ए. केलं हाय."

"मग एवढं सांगा... हे काहून हसून राह्यले?"

तो अश्वजित. लग्नाची, विहारातल्या कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणं करायचा. पुण्याच्या एका कंपनीनं त्याला इंग्लंडची एक जुनी, लोकांची फार लाडकी विनोदी मालिका मराठीत करायला दिली होती. सध्या एकच भाग, चाचणीसाठी. जुन्या टेपवर संवाद आणि हशा एकातच मिसळलेला, त्यामुळे मराठी आवाज घातले की हशाही जाणार. म्हणून इथली माणसं बसवून नवा हशा भरायचा होता. तो जमला तर चाळीस भागांचं काम, दोन वर्षं दारव्ह्यातच. नाही जमला तर पुण्यातली नोकरी ठरलेली.

टायपिंगचा क्लास राहिला बाजूला. मी, जवळच्या बंजारा तांड्यावरची बबिता राठोड, त्या मालिकेचे संवाद मराठीत आणू लागले. यंत्रं थांबली की तासभर शांतता मिळायची, तेवढ्यातच काम.

मालिका होती रेल्वेच्या हरवलेल्या सामानाच्या कचेरीची. एक बाबू, एक बाई. वीस वर्षं शेजारी बसतात. तो दर भागात तिला काहीतरी सांगायला तोंड उघडतो... आणि फोन वाजतो. फोन वाजला की इंग्लंडची माणसं खदखदून हसायची. सगळे थांबल्यावर एक बाई मात्र मागून एकटीच हसायची. बारीक आवाजात. हसता हसता तिचा श्वास अडकायचा.

"ही रडते ना शेवटी?" मी एकदा विचारलं.

"मले बी तसंच वाटते." अश्वजितनं ते पुन्हा लावलं. कोण होती ती? त्या दिवशी कोणासोबत आली होती? आता कुठे असेल? खोलीत आम्ही दोघंच होतो, तरी मी दोनदा मागे वळून पाहिलं.

"भेव लागते?"

"तिचं नाही," मी म्हटलं. "तुमचं. ती मेली असून हसते, अन् तुमी जिवंत असून..."

तो खाली मान घालून माईकवरची तुसं टिपत राहिला. ओठाचा एक कोपरा तेवढा हलला.

हेच तर माझं दुखणं होतं. आमच्या तांड्यावर काही आवडलं की माणसं पत्रे हलतील असं हसतात. माझे ठेवणीतले सगळे किस्से सांगून झाले होते. मला तो आवडला होता, अगदी वेड लागल्यासारखा. पण त्याचं काय? कळायला काही मार्गच नव्हता. शिवाय जाती वेगळ्या. तो पुण्याला गेला की सगळं संपलंच.

"विनोदी हाय म्हणतात, तर खो-खो हसू याले नको?" मी चिडून विचारलं.

"काहून यावं? मी हा भाग अकरा वेळा पाह्यला. एकदाबी हसलो नाही. पण तो बाबू रोज तिची खुर्ची पुसून ठेवते ना... ते पाह्यलं का आतून हलतो मी."

"आतलं समोरच्याले कसं कळावं?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ. मग मशीन लावलं.

रविवारी तांड्यावरची आणि गावातली बावीस माणसं त्या खोलीत जमवली. माझी याडी, म्हणजे आई, लालीबाई, पुढेच बसली. मराठी भाग सुरू करायच्या आधी अश्वजित नेहमीच्या सवयीनं बोलून गेला, "रेकॉर्डिंग चालू हाय. कोणी खोकलू नका, आवाज करू नका."

विहारातला कार्यक्रम असो, लग्न असो, तो हेच सांगायचा. आणि आमची माणसं आज्ञाधारक! अर्धा तास बावीस माणसं पदर, रुमाल तोंडात कोंबून बसली. खांदे गदगदत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज नाही. इतक्या माणसांचं ते मुकं हसणं पाहून मलाच धडकी भरली.

चूक कळल्यावर त्यानं कपाळावर हात मारला. पुन्हा भाग लावला. "आता हात वर केला का हसा."

हात वर झाला. बावीस तोंडं उघडली. हा हा हा हा. डोळे मात्र कोरडे. हात खाली आला, तोंडं मिटली. गावातल्या पुष्पाकाकूंच्या मांडीवरचं तान्हं नातवंड किंचाळून रडायला लागलं.

संध्याकाळपर्यंत पाठवायचं होतं. आता तीनच वाटा होत्या. मेलेल्यांचा हशा कापून चिकटवायचा, नाहीतर हे हातावरचं हसणं, नाहीतर ती शांतता.

त्यानं आधी मेलेल्यांचा चिकटवून पाहिला. बाबूनं मराठीत तोंड उघडलं, फोन वाजला, आणि ती माणसं हसली... आमच्यावर हसल्यासारखी. अश्वजितनं घाईनं बंद केलं.

"शांतता ऐकून पाह्य," त्यानं हेडफोन माझ्या कानांवर ठेवले.

आधी लांबून बाबूचे संवाद आणि नुसता सूं-सूं आवाज. मग बांगड्या एकदम थांबल्या. बावीस श्वास अडकले. आणि त्या पोकळीत, अगदी कानाशी, एक बाई कुजबुजली, "अरे, सांगून टाक ना तिले..."

मी हेडफोन फेकलेच. मग आवाज ओळखला. याडी!

"हेच पाठवतो," अश्वजित म्हणाला. "काम गेलं तरी चालंन. याच्याहून खरं काही नाही आपल्यापाशी."

काम गेलंच. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, की लोक हसलेले नाहीत, धन्यवाद. अश्वजितनं पुढच्या सोमवारी पुण्याला नोकरीवर हजर व्हायचं ठरलं.

घरी येऊन मी भिंतीकडे तोंड करून पडले. याडी जवळ येऊन बसली. "सांगतलं का त्यानं?"

"कोणी? त्या कचेरीतल्या बाबूनं?"

"बाबूले मी कायले बोलू? त्याले का ऐकू जाते?" तिनं माझ्या केसांतून हात फिरवला. "मी त्या मशीनवाल्या पोराले म्हनलं. अर्धा तास पडद्याकडं पाह्यलंच नाही त्यानं. तुह्याकडं पाहून राह्यला होता."

मी धावत तो जिना चढले. अश्वजित वायरी गुंडाळत होता. मी धापा टाकत सगळं सांगून टाकलं. याडीचं, आणि माझंही.

तो ऐकू येईल न येईल असं म्हणाला, "अकरा वेळा पाह्यला म्हनलं ना... त्यातल्या नऊ वेळा तू आल्यावर. तुह्यासोबत बसाले भेटे म्हनून." हातातली वायर खाली ठेवून त्यानं विचारलं, "येशीन पुण्याले?"

"बापूले इचारा आधी," मी डोळे पुसत म्हटलं. "पण जोरानं. त्याइले कमी ऐकू येते."

तो शनिवारी आला. अंगणात बापू, म्हणजे माझे वडील खेमसिंग, बाजेवर बसले होते. अश्वजितनं दोनदा हळू विचारलं, दोनदा बापूंनी ऐकू न आल्यासारखा कानामागं हात धरला. तिसऱ्यांदा त्यानं डोळे मिटले आणि सगळ्या तांड्याला ऐकू जाईल असा ओरडला, "मले बबिता लय आवडते! लग्न करायचं हाय तिच्यासंगं!"

घराघरांतून माणसं दारात आली. कोणी हललं नाही. बापूंनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"एवढा मोठ्यानं काहून ओरडतं?" बापू म्हणाले आणि बाजेवर सरकून त्यांनी त्याच्यासाठी जागा केली.