आप्पांनी दिलेला मोबदला

दिवेलागणीला मी उंबऱ्यावर भाकरीचा तुकडा ठेवते, त्याचं तुम्हाला नवल वाटलं असेल. बसा, सांगते. भ्यायचं कारण नाही. मी तर फोनमधल्या त्या आवाजाची जन्माची ऋणी आहे.

माझे वडील बाळासो, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. सारी हयात मोहोळच्या माळावर मेंढरं राखण्यात गेली. आई गेल्यावर मी त्यांना इथं सोलापुरात आणलं, आणि वर्षभरात त्यांना विसर पडायला लागला. मेंढरं कधीच विकली होती, तरी काठी घेऊन ती शोधायला निघायचे. म्हणून मी मोबाईलवर एक फुकटची सेवा घेतली. एक फोन त्यांच्या गळ्यातल्या पिशवीत, दुसरा माझ्याकडे. माणूस कुठं आहे ते ती सेवा सांगणार, एवढंच.

अटी कोण वाचतं? मी ‘मान्य’वर बोट ठेवणार तोच आप्पांनी हात धरला. नीट ऐकून घेतल्याशिवाय त्यांनी आयुष्यात कुठला सौदा केला नव्हता. मग मी बसले त्यांना वाचून दाखवत. ठिकाण चुकलं तर ते जबाबदार नाहीत. माणसाला काही झालं तरी नाहीत. सेवा कधी बंद पडेल सांगता येत नाही. मला हसू येत होतं; अंग काढून घ्यायला माणसं किती लिहितात! शेवटची अट मात्र विचित्र होती. वापरणाऱ्याने कसलाही मोबदला देऊ नये. दिल्यास आमच्या जबाबदारीला मर्यादा राहणार नाही.

आमच्यात हरवलेलं मेंढरू कुणी दाखवलं तर त्याला रिकाम्या हातानं लावून देत नाहीत, आपल्या भाकरीतला घास मोडून देतात.

“फुकटची वाट पचत न्हाय, सोना,” एवढंच आप्पा म्हणाले.

मे महिन्यातली दुपार होती. मी बँकेतून घरी आले तर दार सताड उघडं, काठी जागेवर नाही. आमच्याकडचं ऊन तुम्हाला ठाऊक आहे. म्हातारं माणूस त्यात किती वेळ तग धरणार? फोन उघडला. गावाबाहेरच्या माळावर टिंब दिसत होतं. बाईचा मऊ आवाज आला, सरळ चला. मी स्कूटी काढली.

शहर मागं पडलं. रस्त्यावर कुणी नाही, वितळलेल्या डांबराचा वास, पाखराचासुद्धा आवाज नाही. नांगरून पडलेली काळी रानं दोन्ही बाजूंना. रस्ता संपला तरी आवाज सांगतच राहिला. बांधावरून जा, ओढ्यात उतरा. मग जरा थांबून म्हणाला, “पाणी बरोबर घ्या... ते तहानलेत.”

असलं ती सेवा कधी बोलली नव्हती. डिकीतली बाटली घेतली आणि धावत सुटले.

आप्पा बाभळीच्या सावलीत बसले होते. ओठ सुकलेले, पण शुद्धीवर. मला रडूच फुटलं. त्यांना पाणी पाजलं, गळ्यातली पिशवी चाचपली, ती रिकामी होती. तेव्हा आठवलं, त्यांचा फोन घरी होता. सकाळी मीच तो चार्जिंगला लावला होता.

“आप्पा... हितं कसं बसून राहिलाय तुमी?”

“ती बाई म्हनली की. पोरगी येतीया, हलू नगा.”

“कंची बाई?”

त्यांनी माझ्या हातातल्या फोनकडं बोट केलं. मग खिशातून कडक भाकरी काढली, घास मोडला आणि शेजारच्या दगडावर ठेवला. मी हात धरेपर्यंत उशीर झाला होता.

“मोबदला मिळाला,” फोन अगदी हळू म्हणाला. “आता... जबाबदारी आमची.”

घरी येऊन पाहिलं, त्यांचा फोन खरंच चार्जिंगवर होता. मी घाबरून ती सेवा दोन्ही फोनमधून काढून टाकली. आवाज गेला नाही. आप्पा कुठंही भरकटले तरी दिवेलागणीला दारात यायचे, आणि माझा फोन सांगायचा, बाळासो घरी पोहोचले. अंगावर साधं खरचटलेलं नसायचं. पोटच्या पोरीला जमलं नसतं इतकं त्या बाईनं केलं. मी रोज हात जोडायचे.

गेल्या दिवाळीनंतर आप्पा गेले. माळावर नाही, घरच्या अंथरुणात, माझ्या हातावर डोकं ठेवून. यासाठी तिचे उपकार फेडता यायचे नाहीत. मोहोळच्या आमच्या रानात त्यांना माती दिली. परत आल्यावर मी फोनला म्हणाले, बाई, तुमचं काम झालं, आता मोकळ्या व्हा.

मी दिवा लावला, आणि फोन म्हणाला, “बाळासो घरी पोहोचले.”

तेव्हापासून रोज. मर्यादा राहणार नाही असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. म्हणून मी घास ठेवते. सकाळी तो नसतो. मांजर नेत असेल.

पण कोपऱ्यातली ती काठी बघा. हात लावू नका. आमच्या वसाहतीत सगळीकडं फरशी आणि सिमेंट आहे, पाऊस तर महिनाभर नाही, आणि काठी मी दुपारीच पुसून ठेवली होती. टोकाला लागलेली काळी माती अजून ओली आहे.